रोह्यांचं स्टेशन

आमच्या घरात त्या रेडिओ स्टेशनला कुणी कधी त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली नाही. ते नाव परदेशी होतं, लांबलचक होतं आणि आमच्या काही कामाचं नव्हतं. आम्ही त्याला रोह्यांचं स्टेशन म्हणायचो. रोही म्हणजे नीलगाय. नाव गायीचं, अंगकाठी घोड्याची आणि भूक अशी की उभा मका एका रात्रीत आडवा. आमच्या धावडा गावाच्या शिवारात ज्यानं मका पेरला, त्याला रोही चुकले नाहीत.

ते स्टेशन येत्या रविवारी कायमचं बंद होणार हे मला कळलं तेव्हा मी नवीन जालन्यात, ऑफिसात, ओल्या कागदावर उगवलेले मक्याचे कोंब मोजत होते. बियाण्याच्या कंपनीत माझं कामच ते. किती दाणे उगवले, किती कुजले, किती नुसतेच फुगून बसले हे बघायचं. काम एकसुरी आहे, म्हणून एका कानात इअरफोन असतो. हल्ली ते स्टेशन मोबाइलवरही लागतं, आणि संध्याकाळचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकता येतो. तर त्या दिवशी एक गाणं संपलं आणि तो नेहमीचा घोगऱ्या आवाजाचा निवेदक म्हणाला की पुढच्या रविवारी आमचा शेवटचा कार्यक्रम. खर्च झेपत नाही, आता फारसं कुणी ऐकतही नाही. एवढं बोलून त्यानं लगेच पुढचं गाणं लावलं.

मला आधी रागच आला. असं सांगतात का? आमच्याकडे घरातलं माणूस गेल्याचं सांगतानासुद्धा आधी समोरच्याला खाली बसवतात, पाण्याचा तांब्या पुढे करतात. मी कोंब कुठपर्यंत मोजले ते विसरले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा विसरले. मग इअरफोन काढून ठेवला, आणि तेव्हा खरा प्रश्न समोर आला. आबांना कोण सांगणार?

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून धावड्याला एकटे राहतात. शेजारी माझ्या चुलतभावाचं घर आहे, तिथून दोन वेळचं ताट येतं. शेत बटईनं दिलेलं आहे, म्हणजे कसणारा दुसरा आणि पीक अर्धं अर्धं. त्यामुळे आबांना रानात जायची तशी काही गरज नाही. तरी रोज मावळतीला ते रेडिओ घेऊन रानात जातात, ते स्टेशन लावतात, तासभर बसतात आणि परत येतात. इंग्रजी त्यांना ओ का ठो कळत नाही. म्हणजे स्टेशन बंद झालेलं त्यांना कळणारच नव्हतं. त्यांना नुसती खरखर ऐकू आली असती. आधी त्यांनी सेल उन्हात वाळत घातले असते. मग रेडिओला दोन चापट्या मारल्या असत्या. मग तो पिशवीत घालून एसटीनं भोकरदनला गेले असते, जिथल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आणि परत येऊन कुणाला काही बोलले नसते. रानात जाणं तेवढं थांबलं असतं.

मला भीती होती ती त्याची. गावातली अशी माणसं मी पाहिली आहेत. काही ना काही कारणानं एकदा रानात जायचं थांबतात, मग पारावर बसतात, मग ओट्यावर, मग आत बाजेवर. आबांच्या दिवसाला आई गेल्यापासून ती एकच खुंटी उरली होती. ती उपटली जाणार होती आणि उपटणाऱ्याला आबा नावाचा कुणी माणूस आहे हे माहीतही नव्हतं.

फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. आमचं फोनवरचं बोलणं असं असतं: जेवलीस का, हो, तुम्ही, हो, ठिवतो. त्यात ही बातमी कुठे बसवायची? मी रविवारी जायचं ठरवलं. आमच्या घरचे, म्हणजे माझा नवरा, म्हणाले, "रेडिओ स्टेशनच्या मयतीला चाललीस का?" मी म्हटलं, "हो, आणि स्वयंपाक करून ठेवणार नाहीये."

आता हे स्टेशन आमच्या मक्यात आलं कसं ते सांगते.

मी आठवीत असेन. त्या साली रोह्यांनी उच्छाद मांडला होता. आबांनी बुजगावणं केलं, तर पोरांनी त्याचा सदरा पळवला. फटाके फोडून झाले, डबे बडवून झाले. मग कुणीतरी सांगितलं की शेताभोवती साड्या लावा, रंग पाहून रोही बुजतात. आबांनी आईच्या जुन्या साड्या तारेला बांधल्या आणि त्या भरात एक ठेवणीतलीही बांधून टाकली. रोही बुजले की नाही ठाऊक नाही, आई मात्र अशी भडकली की आबा दोन दिवस रानातच जेवले. शेवटचा उपाय रेडिओ. माणसाचा आवाज आला की जनावर येत नाही म्हणतात, म्हणून आबांनी घरातला ट्रान्झिस्टर बांधावर नेऊन ठेवला. त्यावर आधी भजन लागायचं, मग शेतीविषयक सल्ला. पहिल्या दोन दिवसांत रोह्यांना त्याची सवय झाली. पिकांवरच्या किडीची माहिती ऐकत ऐकत ते शांतपणे मका खायचे.

एका संध्याकाळी आबा वैतागले आणि त्यांनी रागानं काटा फिरवला. शॉर्टवेव्हवर कुठून तरी, पत्रा टरकावा तसा गिटारचा आवाज आला. मागून ढोल आणि त्याच्यावर एका माणसाचं किंचाळणं. मी तिथंच होते. ओढ्याच्या काठावर माना खाली घालून उभ्या असलेल्या रोह्यांनी एकदम माना वर केल्या आणि सगळा कळप ओढा ओलांडून पळाला. आबांचा हात बटणावरच होता. काटा हलेल म्हणून ते हात काढायला भ्याले. तसेच वाकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "माय, माझ्या खिशातली चुन्याची डबी काढ जल्दी." मी डबी उघडून धरली. दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यांनी रेडिओच्या काचेवर, काट्याच्या बरोबर वर, चुन्याचा ठिपका दिला. तो ठिपका आजही आहे. झिजला की आबा नवा देतात.

मग बंदोबस्त पक्का झाला. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आडवा टाकून त्यात रेडिओ ठेवायचा म्हणजे आवाज दुप्पट होतो. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार रेडिओला बांधून बाभळीवर टाकायची म्हणजे स्टेशन स्वच्छ येतं. डब्याचं तोंड ओढ्याकडे, कारण रोही तिकडून यायचे. त्या हंगामात आमचा मका वाचला आणि ही गोष्ट गावभर झाली. ज्याच्या त्याच्या बांधावर रेडिओ आला. आबा चुन्याची डबी घेऊन या शेतातून त्या शेतात ठिपके देत हिंडले, सरकारनं नेमल्यासारखे. मावळतीला कार्यक्रम सुरू झाला की एकच गाणं आधी आमच्या डब्यातून यायचं, मग जरा उशिरा चुलत्यांच्या बांधावरून, मग त्याहून उशिरा ओढ्यापलीकडून. अख्खं शिवार एका सुरात किंचाळायचं. पलीकडच्या गावचे दोघं जण सायकलवरून भांडायला आले, की तुमच्यामुळे सगळे रोही आमच्या रानात येऊन राह्यले. आबांनी त्यांना चहा पाजला आणि जाताना त्यांनाही काट्याची जागा समजावून सांगितली.

रोज शाळेतून आल्यावर रेडिओ रानात नेऊन लावायचं काम माझ्याकडे आलं. आबा गुराढोरांचं आटोपून मागून यायचे. लावून लगेच घरी यायचं, असा आईचा हुकूम होता. आबांचाही एक नियम होता. "हे रोह्यांसाठी हाय," ते म्हणायचे, "माणसानं ऐकायचं न्हाई. येड लागंल." ते हे इतक्या गंभीरपणे म्हणायचे की मला ते खरं वाटायचं. म्हणून मी चोरून ऐकायचे. डब्याच्या मागे एक दगड होता, त्यावर बसायचे. डब्याचं तोंड ओढ्याकडे असल्यामुळे माझ्या वाट्याला त्या गाण्यांची पाठच आली. समोरून कशी ऐकू येतात हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

मला ती गाणी का आवडली हे नंतर शहरात लोकांनी मला विचारलं आहे. खेड्यातली मुलगी आणि रॉक, असं म्हणून हसलेही आहेत. मला उत्तर पक्कं ठाऊक आहे. मी चौदा वर्षांची होते आणि मला सगळ्याचा राग यायचा. हळू हस, हळू बोल, पाय आपटत चालू नकोस. उंच झाले याचंही बोलणं मलाच, जशी काही मीच ओढून ताणून वाढले होते. घरात माझा आवाज जरा चढला की आई म्हणायची, "वेशीपर्यंत ऐकू गेला." आणि इथे एक माणूस घसा फाटेपर्यंत ओरडत होता आणि अख्खं शिवार त्याचे उपकार मानत होतं. त्याच्या ओरडण्यामुळे लोकांचं पीक वाचत होतं. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि थोड्याच दिवसांत मी मक्यात शिरून त्याच्याबरोबर ओरडायला लागले. शब्द येत नव्हते. जे तोंडाला येईल ते. पानांनी हात कापले जायचे, घसा बसायचा आणि आतून काहीतरी हलकं हलकं व्हायचं. आपण रोही हाकलतोय असं मी स्वतःला सांगायचे. मग बांधावरून आबांचा खोकला ऐकू आला की झटकन बाहेर येऊन दप्तर उचलायचे. आबांना तेव्हा फार खोकला असायचा. रोज नेमका बांधावर आला की यायचा.

दुसऱ्या वर्षी एकेक रेडिओ बंद पडायला लागला. चुलत्यांनी बंद केला, ओढ्यापलीकडच्यांनी केला. रोही आता याला बी भीत न्हाईत, असं लोक म्हणायला लागले. पारावर आबांची टिंगल व्हायची. "तुझ्या रानात रोही नाचायला येत असतील," कुणीतरी म्हणायचं. मला मस्तकात तिडीक जायची. मी एकदा चुलत्यांना तोंडावर म्हणाले की तुम्हाला सेल आणायचा कंटाळा, म्हणून रोह्यांना नावं ठेवता. आबा मात्र नुसते हसले. त्यांनी रेडिओ चालू ठेवला. आमच्या मक्यात सकाळी खुरांचे माग दिसायचे, पण आबा म्हणायचे, "नुसते येऊन गेले. खाल्लं न्हाई."

पुढे कॉलेजसाठी मी जालन्यात आले, नोकरीला लागले, लग्न झालं. मुलगी सासरी गेली की घरात तिच्या वस्तू हळूहळू दुसऱ्या कामाला लागतात. माझं दप्तर खिळे ठेवायला गेलं. स्टेशन मात्र राहिलं. "तुझे आबा अजून ते रोह्यांचं लावून राह्यले," आई दर दिवाळीला सांगायची, कौतुक आणि तक्रार दोन्ही एकाच सुरात. मी इकडे मोबाइलवर ऐकायचे. आवाज अगदी स्वच्छ. मला तो थोडा परका वाटायचा. खरखर नाही, येणं जाणं नाही, मक्याची सळसळ नाही. आणि रोज मावळतीला ऑफिसातून घरी जाताना रिक्षात मनात यायचं की आता आबांनी डबा ओढ्याकडे वळवला असेल.

रविवारी दुपारी मी धावड्याला उतरले. येताना नवे सेल घेतले होते, शेवटच्या दिवशी तरी सेलमुळे अडायला नको म्हणून. आबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मला पाहून उठले. "सण न्हाई, वार न्हाई, कसं काय माय? सगळं बराबर हाय ना?"

"बराबर हाय आबा. सहज आले. संध्याकाळी रानात जाऊ."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. ताटात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वरून अर्धा पाव लोणी आलं. मी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.

रानात गेलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकायला आला होता. मका डोक्याच्या वर गेला होता, कणसांत दूध भरलं होतं. आणि शेताभोवती चारी बाजूंनी तार होती, झटका मशीनची. सौर पॅनलवर चालतं ते. जनावर तारेला लागलं की झटका बसतो आणि पळतं. ते बसवल्याचं चुलतभावानं मला सांगितलं होतं, पण मी गेली कित्येक वर्षं दुपारीच येऊन दुपारीच परत जात होते, त्यामुळे संध्याकाळी ही तार, त्यातली टिकटिक आणि तिच्या आत आबांचा तो गंजलेला डबा, असं एकत्र कधी पाहिलं नव्हतं.

आबांनी पिशवीतून रेडिओ काढला. कार्यक्रमाला अजून वेळ होता. म्हटलं, आता सांगून टाकावं.

"आबा, हे स्टेशन आज बंद व्हणार हाय."

"बंद म्हंजे? त्यांची लाइट गेली का?"

"लाइट न्हाई. कायमचं. आजचा शेवटचा दिवस."

आबा तार बाभळीला गुंडाळत होते. हात थांबला. "कामून?"

"खर्चा झेपत न्हाई म्हणे. कुणी ऐकणारं राह्यलं न्हाई."

"आपण ऐकून राह्यलो की," आबा म्हणाले.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ते 'आपण' म्हणाले होते. मी खाली पाहिलं. माझा दगड अजून तिथंच होता. त्याच्या शेजारी दुसरा एक दगड आला होता, तो नवा होता, म्हणजे माझ्यासाठी नवा. बसून बसून तोही गुळगुळीत झाला होता.

"आबा," मी म्हटलं, "झटका मशीन हाय ना आता? मंग रोह्यांना हे कशाला लावायचं?"

त्यांनी तंबाखू काढली, चुना लावला, सावकाश मळली. ते उत्तर द्यायचं टाळतात तेव्हा असंच करतात. पण या वेळी मळून झाल्यावर ती तोंडात टाकली नाही, हातातच धरून ठेवली.

"रोही तर दुसऱ्याच साली भिईनाशे झाल्ते, माय."

"म्हंजे?"

"म्हंजे लोक बोलायचे ते खरं व्हतं. डब्याजवळ येऊन खायचे. बिलकुल भीत नव्हते. रात्री मी गोफणीनं हाकलायचो."

"मंग तुम्ही बंद का न्हाई केलं? मला तरी सांगायचं."

"तुला सांगून? तुझ्या आईला कळलं असतं. ती म्हणली असती, रोही भीत न्हाईत तर पोरीचं रानात काय काम? बसव घरात." ते ओढ्याकडे पाहत होते. "तू वरडायचीस ना मक्यात."

मी माझ्या दगडावर बसले.

"मी बांधाला येऊन थांबायचो," आबा म्हणाले. "वरडू दे म्हणायचो. तिला दुसरीकडं कुठं जागा हाय? तुझं झालं असं वाटलं की मंग खोकायचो."

मला तीस वर्षं वाटत होतं की मी रोह्यांची गाणी चोरून ऐकली. आबांना तेव्हा खोकला नव्हताच. खोकला असलेला माणूस रात्रभर खोकतो, रोज बांधावर येऊन एकदाच खोकत नाही, हे मला, कोंब मोजून पोट भरणाऱ्या बाईला, तेव्हा कळलं. मला हसू आलं आणि त्याच्यामागून रडू आलं, आणि दोन्ही मी लपवलं नाही. आबांनी खांद्यावरचा रुमाल काढून दिला. त्याला तंबाखूचा वास होता.

"टाइम झाला," ते म्हणाले.

मी नवे सेल घातले. आबांनी सवयीनं रेडिओ डब्यात ठेवला, तोंड ओढ्याकडे केलं, आणि थबकले. मग रेडिओ पुन्हा बाहेर काढला. दोन दगडांच्या समोर एक वीट उभी केली, तिच्यावर तो ठेवला, तोंड आमच्याकडे करून. "आज आपण ऐकू," म्हणाले. बटण फिरवलं. काटा चुन्याच्या ठिपक्याखाली आला.

तर अशी असतात ती गाणी समोरून. त्या सगळ्या धडधडीच्या खाली एक बारीक तार वाजत असते, ती मला मागे बसून कधीच ऐकू आली नव्हती. मोबाइलवर होती बहुतेक, पण तिथं मी लक्ष दिलं नव्हतं. आवाज यायचा, विरायचा, परत यायचा. आबा गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसले होते. मला वाटलं होतं, ते ताल वगैरे धरतील. तसलं काही नाही. कीर्तनाला बसावं तसे बसले होते.

मधे निवेदक बोलायला लागला. आबांनी विचारलं, "काय म्हणून राह्यला?"

"धन्यवाद म्हणून राह्यला. इतकी वर्षं ऐकलं म्हणून. कोण कुठं बसून ऐकतं ते आम्हाला कधी दिसलं न्हाई म्हणतो, पण बसलेले असतील असं धरून आम्ही बोलत राह्यलो."

आबांनी मान डोलावली. "मानूस चांगला हाय. म्हातारा झाला पण. पयलं लई जोरात बोलायचा. दोन सालापासून दम लागतो त्याला."

मला हे लक्षातच आलं नव्हतं. मला त्याचे शब्द कळत होते, म्हणून मी शब्दच ऐकत होते.

शेवटचं गाणं मोठं होतं. ते संपल्यावर निवेदकानं रोजच्यासारखंच शुभरात्री म्हटलं, आवाज जरा कापला, आणि मग खरखर. आम्ही थांबलो. मला उगाच वाटलं की काहीतरी अजून येईल. आलं नाही. झटका मशीनची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"बंद करू?" मी विचारलं.

"राहू दे जरा."

खरखर चालू राहिली. तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून रोही आले. पाच सहा होते. तारेपासून लांब उभे राहिले आणि आमच्याकडे पाहू लागले. आबांनी ना दगड उचलला ना हाळी दिली. त्यांनी रेडिओ बंद केला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. डबा तिथंच राहू दिला. घरी येताना अंधार पडला होता. त्यांनी माझा हात धरला होता, मला दिसत नाही म्हणून की त्यांना, ते मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी परत आले. निघताना चुलतभावाला बाजूला घेऊन सांगितलं, "आबा रानात जातात का बघ. न गेले तर मला फोन कर." तो हो म्हणाला, पण तो तरी काय करणार होता? एसटीत भोकरदनपर्यंत मी नवे नवे उपाय शोधत होते. दुसरं स्टेशन लावून द्यावं, जुनी गाणी भरून द्यावीत, आबांना जालन्याला घेऊन यावं. एकही पटला नाही. ऑफिसात गेले, कोंब मोजले, कानात काही नव्हतं.

त्या संध्याकाळी जरा लवकरच घरी येऊन स्वयंपाकाला लागले. भाकरीचं पीठ परातीत घेतलं आणि खिडकीतून पाहिलं तर ऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवर गेलं होतं. म्हणजे हीच वेळ. आबा आता ओट्यावर असतील, की आत बाजेवर? पिठात पाणी घालायचं मी विसरले. आणि फोन वाजला.

आबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत. पिठाच्या हातानंच उचलला.

"काय झालं आबा?"

"काही न्हाई."

मागे सळसळ येत होती. मक्याची होती, मी ती कुठेही ओळखीन.

"रानात हाय का तुम्ही?"

"हौ. बसलो. टाइम झाला म्हणून लावला." त्यांचा आवाज विचित्र येत होता, घुमल्यासारखा, लांबून. "जरा जोरात बोल माय. फोन डब्यात ठिवलाय. तोंड माझ्याकडं हाय."

मी काय बोलणार? आमचं बोलणं दोन वाक्यांत संपतं. मी म्हटलं, आज ऑफिसात मक्याचं एक वाण उगवलंच नाही. "जोरात," आबा म्हणाले. मी आवाज चढवला. कोणतं वाण ते सांगितलं, साहेब कसे चिडले ते सांगितलं, रिक्षावाल्याशी भांडले ते सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं माझ्या खांद्यावर कशी झोप काढली ते सांगितलं. आमच्या घरचे काय झालं म्हणून दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना पिठाच्या हातानं जा म्हणून खुणावलं आणि बोलत राहिले, घसा ताणून, खिडकी उघडी होती तरी.

मधूनच एकदा पलीकडून आबांचा खोकला ऐकू आला आणि मी सवयीनं थांबले.

"बोल, बोल," आबा म्हणाले. "हा खरा खोकला हाय."